चादरीवरचा जिल्हा

तिसरीला भूगोल म्हणजे आपला जिल्हा. गोष्ट दोन हजार सालानंतरची. शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. तपासणीत साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर बसा घरी.

भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर, म्हणून पोरं उत्तर दिशा विचारली की पंख्याकडे बोट दाखवायची. वैताग नुसता! शेवटी मी घरची जुनी चादर घेतली, तिच्यावर जिल्हा रंगवला, गावांचे नुसते ठिपके दिले आणि खऱ्या दिशा जुळवून ती वर्गात जमिनीवर अंथरली. पोरं भोवती बसायची. सुरगाण्याकडून द्राक्षबागेत कामाला आलेल्यांची एक मुलगी कायम उत्तरेच्या कडेला. तिथं तिचं गाव गुडघ्याशी यायचं. तिथून उठवलं की रुसायची.

साहेब आले ते दारातच थबकले. नकाशा काय पायाखाली तुडवायला आहे का, म्हणाले. हेडमास्तरांनी धावत जाऊन चादर उत्तर वर करून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवली. साहेबांनी नेमकं त्या सुरगाण्याकडच्या मुलीलाच उठवून घोटी गाव दाखवायला सांगितलं. चादर खाली असताना तिच्या जागेवरून घोटी पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात दिसायची. भिंतीवर वरच्या उजव्या कोपऱ्यात मालेगाव होतं. तिनं बोट तिथंच ठेवलं.

तीन वर्षं हेच शिकवलंत का, असं मला विचारून साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. साहेबांचा राग आला, हेडमास्तरांचा आला, आणि खरं सांगते, त्या पोरीचाही आला.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, खाली घ्या ना. उलटा टांगलाय.”

साहेब म्हणाले, बघू तरी. चादर पुन्हा अंथरली. ते दक्षिणेच्या अंगाला उभे राहिले. ती आपल्या जागेवर गेली, गुडघे टेकले आणि चादरीवरून रांगत थेट साहेबांच्या पायाशी येऊन थांबली.

“सायेब, पाय काढा. घोटी बुटाखाली हाय.”

साहेबांनी पाय मागे घेतला. ठिपक्यावर माती लागली होती, ती तिनं फ्रॉकच्या टोकानं पुसली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, नकाशा भिंतीवरच टांगावा. त्याच्याच खाली मला कायम करण्याची शिफारसही लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी चादर जमिनीवरच अंथरली.