कटर कोणाच्या हातात

काचेच्या दुकानात दिवसभराचे तुकडे संध्याकाळी झाडून पेटीत टाकता येतात. किस्से कुठे टाकायचे? ते साठतच जातात!

जर्मनीत काच शिकून मी दिग्रसला परतले, ती बाबांच्या दुकानात काम करायचं ठरवूनच. बाबांची अट एकच. "शामरावनं आपला कटर तुह्या हातात देला, तं तू कारागीर. नाही तं पाहुणी!"

शामराव काका म्हणजे आमचे जुने कारागीर. आपल्या कटरला ते कोणालाच हात लावू देत नाहीत. मला म्हणाले, "डिगरी त्यायनं देली. कटर मी देईन, तवा देईन."

\*

पहिल्याच आठवड्यात आर्णीहून एक गिऱ्हाईक आलं. "ताई, काच कायची बनते वो?"

मी खूश! रेती, सोडा, चुनखडी, भट्टी, सगळं रंगवून सांगितलं.

ते शांतपणे म्हणालं, "माह्या वावराजवळच्या नाल्यात लय रेती हाय. आणून टाकतो. चार खिडक्यायच्या काचा करून ठेवा!"

\*

एक निवृत्त गुरुजी छातीठोकपणे सांगायचे, "काच हळूहळू खाली वाहते. आमच्या जुन्या शाळेच्या काचा पाहा, खाली जाड हायेत!"

मी म्हटलं, "काच वाहत नाही, गुरुजी. पूर्वी ती सारख्या जाडीची बनतच नसे." मग जाडी मापायचं यंत्र घेऊन आम्ही दोघं शाळेत गेलो. दोन काचा खाली जाड निघाल्या, तीन वर!

गुरुजींनी पाचही काचांवरून बोट फिरवलं. "म्हंजे काही काचा वर चढून राह्यल्या!"

\*

एकदा काकांनी मला परीक्षेपुरता कटर दिला. एकदाच! काचेवर ओढलेली रेघ फिकट वाटली म्हणून मी तिच्यावरून पुन्हा कटर फिरवला. काच भलतीकडेच तडकली.

"रेघ एकदाच!" काकांनी कटर परत खिशात घातला. "दुसऱ्यांदा फिरवली का काच रुसते."

जर्मनीत हेच मी तीन पानं भरून लिहिलं होतं.

\*

मग एक दिवस एका नव्या हॉटेलचं काचेचं दार आलं. लाकडी चौकटीपेक्षा दोन सूत मोठं. दुसऱ्या दिवशी उद्‌घाटन! मालक घामाघूम. काकांनी कटर केरोसिनमध्ये बुडवला.

"काका, थांबा! ही टफन आहे, भट्टीत कडक केलेली काच. रेघ मारून कापायला जाल तर अख्ख्या दाराचा चुरा होईल."

"म्या कापली नाही अशी काच नाही, पोरी!"

मी माझा पोलराइज्ड गॉगल काकांच्या डोळ्यांवर चढवला आणि दार उन्हात तिरपं धरायला लावलं.

"अबे! हे ठिपके कायचे?"

"भट्टीतून काढून झटक्यात गार केल्याची खूण. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. काच नका कापू, चौकट तासून घ्या!"

सुताराने चौकट तासली. दार असं बसलं, की मालकाने मलाच फीत कापायला लावली!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी साधी काच टेबलावर ठेवली आणि कटर माझ्या हातात दिला. "मार रेघ. मी पाहत नाही, आयकतो." डोळे मिटून उभे राहिले.

मी एकदाच रेघ ओढली. करकरीत, एकसुरी आवाज. काचेचे दोन तुकडे दोन्ही हातांत अलगद सुटे झाले.

डोळे न उघडताच काका बाबांना म्हणाले, "भाऊ, पाहुणी गेली."

कटर आता माझ्याकडे असतो. गॉगल मात्र परत आलेला नाही. काका तो लावून स्टँडवर जातात, पुसदची एसटी लागली की तिच्या खिडक्यांकडे मान तिरपी करून बघतात आणि उतरणाऱ्या सगळ्यांना ओरडून सांगतात, "ठिपके हायेत!"