बाळूचं जास्तीचं गुणसूत्र आणि आमचे शेडगे सर

शेडगे सरांशी माझी पहिली गाठ पडली ती भोरच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या दारात. मी नवा गणितशिक्षक, चपला घालून तसाच आत निघालो होतो. "चपला बाहेर. आणि जोडीनं ठेवा," सर म्हणाले. त्या चपलांवर त्यांचा दहावीचा एक तास चालतो, हे मला नंतर कळलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. रंग, उंची, नाकाची ठेवण यांचा वारसा त्यांतूनच येतो. मुलं हे सारं चपला मांडून शिकत आणि तास सुटल्यावर आपापली चप्पल शोधत भांडत. सरांना त्या गोंधळाचं काही वाटत नसे.

मात्र अंदाजानं बोलणं त्यांना खपत नाही. याचा अनुभव मी घरीच घेतला.

माझा धाकटा भाऊ बाळू जन्मापासून डाऊन सिंड्रोमचा. पोटुशी असताना आईनं ग्रहणात विळीवर कांदा चिरला म्हणून पोर असं झालं, असं वेल्ह्याकडच्या आमच्या गावानं ठरवून टाकलं होतं, आणि आईनंही ते मुकाट मानलं होतं. पुढं बहिणीचं, मनीषाचं लग्न नसरापूरला ठरत आलं आणि पाहुणे अडून बसले. "घराण्यात खोड हाय. हिच्या पोटी बी तसंच निपजलं तर?"

मी सरांकडे धावलो. त्यांनी येऊन "काही होत नाही" असं ठणकावून सांगावं, एवढीच माझी अपेक्षा. सरांनी साफ नकार दिला. "आधी बाळूचं रक्त तपासा. अशा मुलांत एकविसावं गुणसूत्र एक जास्तीचं असतं. ते सुटं असेल तर घोर नाही. दुसऱ्याला चिकटलेलं असेल, तर ते घराण्यातून आलेलं असू शकतं. मग मनीषालाही तपासावं लागेल." खरं सांगतो, मला रागच आला. पण तेच सर आमच्याबरोबर एसटीनं पुण्याला आले आणि सुई टोचताना बाळूचा हात धरून बसले.

अहवाल आला. गुणसूत्र सुटं होतं! पाहुण्यांना बोलावून सरांनी समजावलं, "बीज तयार होताना एकविसावी जोडी वेगळी व्हायची राहिली, म्हणून दोनाऐवजी तीन आली. हे कुणाच्या हातात नसतं. बाळूमुळे मनीषाला काही वेगळा धोका नाही." मुलाचे आजोबा म्हणाले, "मंग धरा की तारीख!" माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सर, मंग म्या चिरलेला त्यो कांदा?"

"कांद्यानं गुणसूत्र वाढत नाही, आक्का. तुमचं काहीही चुकलेलं नाही."

आई तिथंच खाली बसली. आधी हसली, मग पोटभर रडली.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुर न करोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांनी आम्हांला आणखी पुष्कळ वर्षं दारातच अडवावं, ही मनापासून इच्छा. हा लेख लिहायला बसलो तेव्हा आईनंही निरोप दिला. तो तिच्याच शब्दांत देतो: "सरांना सांग, त्या दिसापासनं बाळू माझं नुसतं लेकरू हाय. शिक्षा न्हाई."