वरून प्यालेला चहा

शेषगिरीरावांच्या घरी पेल्याला ओठ लावायची सोय नव्हती. पाणी असो, ताक असो, वाफाळती कॉफी असो, मान मागे टाकायची, पेला वीतभर वर धरायचा आणि धार नीट घशात सोडायची. लहानपणी अंगात ताप असताना त्यांनी एकदा पेला ओठाला टेकवला, तर आई वेंकूबाईंनी तापातल्या पोरालाही सोडलं नाही. "उष्टा केलास की रे शेषू!" म्हणत पाठीत धपाटा घातला आणि तो पेला चिंचेने घासघासून वेगळा उपडा ठेवला. तंजावूरला येऊन पिढ्या लोटलेल्या या मराठी मंडळींची भाषा अर्धी तमिळ झाली, जेवण तर पुरतं तमिळ झालं, पण हे सोवळं मात्र त्यांनी जिवापाड जपलं. आणि खरं सांगायचं तर कढत कॉफी ठसका न लागता वरून पिणं ही कलाच आहे हो. शेषगिरीराव त्यात तरबेज होते. धावत्या टाऊन बसमध्ये पाणी प्याले तरी सदऱ्यावर थेंब पडायचा नाही.

असा हा सोवळ्यातला माणूस चळवळीत कसा पडला? त्याचं कारण त्यांची नोकरी. ते टेलिफोन खात्यात होते. तो नव्वदनंतरचा काळ. गावोगावी एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, आणि नवी लाइन टाकायची म्हणजे शेषगिरीरावांची मोपेड तिरुवैयारुच्या बाजूच्या भातखाचरांतून, कालव्यांच्या काठाकाठाने दिवसभर फिरायची. अशाच एका गावात, बसथांब्याजवळच्या रामस्वामीच्या टपरीवर ते चहाला थांबले होते. बाकावर बसून पाहतात तर फळीवर काचेचे ग्लास ओळीने मांडलेले, आणि बाहेर ताडाच्या खांबाला खिळ्यांवर अॅल्युमिनियमचे पोचे पडलेले पेले टांगलेले.

शेतावरून एक बाई आली. तिने खिळ्यावरचा पेला काढून पुढे धरला. रामस्वामीने आपलं भांडं त्याला लागू नये म्हणून हातभर उंचीवरून चहा ओतला. बाई कालव्याच्या काठी उकिडवी बसून प्याली, पेला तिचा तिने विसळला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. काचेचे ग्लास वरच्या आळीचे, खिळ्यावरचे पेले गावाबाहेरच्या दलित वस्तीचे. शेषगिरीरावांच्या डोक्यात तिडीक गेली. त्या क्षणी त्यांच्या हातात काचेचा ग्लास होता आणि चहा ते वरूनच पीत होते. पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, त्यांच्या तर नव्हतंच.

ती बाई म्हणजे अंजलै. शेतमजूर, पन्नाशीकडे झुकलेली, तोंडाने फटकळ. शेषगिरीरावांनी खात्याच्या युनियनमधले चार जण आणि कॉलेजची दोन-तीन पोरं गोळा केली आणि तिच्या वस्तीत जाऊन सभा घेतली. काय भाषण केलं म्हणता! आवाज खणखणीत, तमिळ अस्खलित. "माणसाला माणसाचा विटाळ होतो ही लाजेची गोष्ट आहे," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. अंजलै पुढेच बसली होती. ती त्यांना सर म्हणायची, पण तमिळ तोंडाने ते सार व्हायचं. ती म्हणाली, "लहानपणी आम्ही ओंजळ धरायचो, सार, आणि वरच्या आळीतले वरून पाणी ओतायचे. आता पेला धरतो, ते वरून चहा ओततात. हे वरून येणं थांबवा, बस्स. बाकी आमचं आम्ही बघू."

मग वस्तीने रामस्वामीचा चहा सोडला. वरच्या आळीला राग आला आणि लावणीच्या हंगामात वस्तीतल्या कुणालाच कामावर बोलावलं नाही. अंजलै आणि इतर बाया पहाटे उठून परक्या गावांत कामाला जाऊ लागल्या. घरात चूल पेटायची मारामार झाली. नवरे कुरकुरले, म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या, पण अंजलैने कुणाला मागे फिरू दिलं नाही. शेषगिरीरावांनी अर्ज केले, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी सरकारी साहेबाने दोन्ही बाजूंना समोर बसवून ठरवून टाकलं, की पोंगलच्या सणापासून ग्लास एक आणि बाक एक.

पोंगलच्या आधी अंजलै शेषगिरीरावांना म्हणाली, "त्या दिवशी भाषण नको हं, सार. तुम्ही बाकावर माझ्या शेजारी बसा. आधी मी पिते, मग त्याच ग्लासातून तुम्ही प्या. तुमच्यासारखा रायर माझ्यामागून प्याला, की या लोकांच्या तोंडाला कुलूप." तमिळ लोक रावांना रायर म्हणतात. शेषगिरीराव भरून पावले. "अहो, एवढंच ना!" म्हणाले.

पोंगलच्या दिवशी टपरीपुढे सारं गाव लोटलं. वरची आळी एका बाजूला हाताची घडी घालून, वस्ती दुसऱ्या बाजूला धुतलेले कपडे घालून. खिळ्यांवरचे पेले काढून टाकले होते. अंजलै नवं लुगडं नेसून बाकावर बसली. रामस्वामीने काचेचा ग्लास भरून तिच्या हातात दिला. देताना त्याने एकदा वरच्या आळीकडे पाहिलं, पण दिला. तिने ग्लास दोन्ही हातांत धरून ओठाला लावला आणि सावकाश, घोट घोट घेत संपवला. मग तोच ग्लास विसळून, पुन्हा भरून शेषगिरीरावांच्या हातात आला. त्यांना गहिवरून आलं होतं. ते सगळ्या गावाकडे पाहून हसले, मान मागे टाकली, ग्लास वीतभर वर धरला आणि चहाची धार घशात सोडली. एक थेंब सांडला नाही.

शेषगिरीरावांनी ग्लास खाली ठेवला आणि टाळ्यांची वाट पाहिली. कॉलेजच्या पोरांनी दोन-चार वाजवल्या. मग त्यांचं लक्ष अंजलैकडे गेलं. ती ग्लासाच्या काठाकडे पाहत होती. तिचे ओठ लागले होते तिथे, आणि बाकी कुठेही, काठाला ओठ लागल्याची खूण नव्हती. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

वरच्या आळीतला एक जण खो खो हसला. "बघा! तुमचा पुढारीसुद्धा ओठ लावेना!" रामस्वामी मनाने वाईट नव्हता, पण कात्रीत सापडलेला माणूस, त्याला वाट दिसली. तो म्हणाला, "रायरांनीच दाखवून दिलं. ग्लास एकच, कबूल. पण प्यायचा तो असा."

"अहो, नाही हो!" शेषगिरीराव घाईघाईने म्हणाले, "ही माझी सवय आहे. घरी आईच्या हातचा पेलासुद्धा मी असाच..." वाक्य अर्ध्यावर राहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांचं त्यांनाच कळलं. दुसरा ग्लास मागून तो तिथल्या तिथे ओठाला लावला असता, तर कदाचित निभावलं असतं. पण लाजेने त्यांना ते सुचलंच नाही. ते उठले, मोपेडला किक मारली आणि निघून गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. अंजलै नव्या लुगड्यात तिथेच बाकावर बसून राहिली.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला ओठाला लावून पाहिला. वेंकूबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण डोळे शाबूत. "शेषू! काय करतोयस? बाहेर काय गोंधळ घालायचा तो घाल, माझ्या घरात नको." शेषगिरीरावांनी पेला खाली ठेवला. पन्नास माणसांपुढे गर्जणारा हा माणूस आईपुढे पुन्हा शेषू झाला.

त्यानंतर कितीतरी दिवस ते त्या गावाकडे फिरकले नाहीत. युनियनच्या खोलीत निरोप आले तर पाठ दुखते म्हणाले, ताप आहे म्हणाले. पाठ कसली दुखते! तोंड दाखवायला जागा नव्हती, दुसरं काय? पण टेलिफोनची तार तुटली ती नेमकी त्याच गावात, आणि जाणं भागच पडलं. टपरीवर पाहतात तर वरची आळी बाकावर बसून आरामात ओठ लावून पीत होती. वस्तीतला एक म्हातारा मात्र मान मागे टाकून ग्लास वर धरायचा प्रयत्न करत होता. जन्मभर घोट घेत प्यालेला माणूस तो, त्याला हे कुठून जमणार? चहा हनुवटीवर सांडला, छातीवर ओघळला, म्हातारा कळवळला. बाकावरचे हसले. रामस्वामी हसला नाही, पण वस्तीतल्या दुसऱ्यालाही त्याने तसंच वरून प्यायला ग्लास दिला. या पिण्याला आता गावात नाव पडलं होतं. रायर चहा.

अंजलै कालव्याच्या काठी उभी होती. ती चहाला हातच लावत नव्हती. ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अंजलैम्मा, मी आत्ता पितो. ओठ लावून पितो. चला."

"आत्ता कुणाला दाखवता, सार?" ती म्हणाली. "त्या दिवशी सारं गाव होतं. एक हंगाम आम्ही उपाशी काढला तो एका ग्लासासाठी, आणि तुम्ही तो पुन्हा वर नेलात." मग जरा थांबून म्हणाली, "यायचंच असेल तर उद्या सकाळी या. कामाला जायच्या आधी सगळे इथे असतात. आणि काय केलंत ते तोंडाने सांगा."

दुसऱ्या दिवशी ते गेले. भाषण असं काही जमलं नाही. तो खणखणीत आवाज त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. "माझं चुकलं. मला लाज वाटते," एवढंच त्यांना सगळ्यांपुढे बोलता आलं. मग अंजलैने अर्धा प्यालेला ग्लास त्यांच्या हातात दिला, न विसळता. त्यांचा हात सवयीने वर निघाला. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून तो खाली आणला आणि चहा ओठाला लावला. जीभ भाजली. अंजलैने ग्लास परत घेतला आणि उरलेला घोट संपवला. मग वस्तीतले सगळे बाकावर बसून ओठ लावून प्याले. रामस्वामीने दोन दिवस टपरी बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी उघडली, कारण पोट त्यालाही होतंच. रायर चहा त्यानंतर बंद झाला, नाव मात्र राहिलं.

पुढे वर्षं गेली. टपरीच्या शेजारीच एस.टी.डी. बूथ आला, तारही शेषगिरीरावांनीच ओढली. त्या बाजूला गेले की ते अंजलैबरोबर चहा घ्यायचेच. ती कधी त्यांच्या तोंडाकडे पाहायची नाही, हाताकडे पाहायची. हात खाली राहिला की मग बोलायला लागायची, नातवंडांचं, पावसाचं, कालव्याला आलेल्या पाण्याचं. शेषगिरीरावांना वाटे, चला, फिटलं.

एकदा असंच चहा संपल्यावर तिने ग्लास हातात फिरवत सहज विचारलं, "सार, तुमच्या घरचा पेला कसला असतो हो? पितळेचा?"

"स्टीलचा," शेषगिरीराव म्हणाले.

"असं होय," अंजलै म्हणाली. "मी कधी पाहिला नाही ना, म्हणून विचारलं."