उघड्या कडांचा ड्रमसेट

सदर इसम, वय वर्षे चौपन्न, उंची मध्यम, डाव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे. व्यवसाय : सोफे, खुर्च्या व तत्सम आसनांची दुरुस्ती आणि पुनराच्छादन. स्वभाव मितभाषी, कारण कामाच्या वेळी तोंडात बारीक खिळे धरण्याची सवय. संगीतविषयक अर्हता : निरंक. वर्तणूक समाधानकारक. स्वतःच्या घरी सोफा नाही.

सोफ्याच्या जागी सध्या ड्रमसेट होता. तो बायकोचा. बायको एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाची मुख्य. शाळेत असताना ती बँडपथकात ड्रम वाजवायची. पुढे लग्न, नोकरी, संसार या गडबडीत त्या काड्या कुठे गेल्या ते तिलाही कळलं नाही. पन्नाशी उलटल्यावर इस्पितळातल्या हौशी मंडळींनी वाद्यवृंद काढला, तेव्हा ड्रमसाठी एकच हात वर झाला आणि तो हिचा होता. ड्रमसेट मिळाला एका बंद पडलेल्या हॉटेलच्या गोदामात, ‘तुम्हीच उचलून न्या’ या अटीवर. लोखंडाला गंज, आणि अंगावरचा चमचमता कागद उन्हात सोललेल्या पाठीसारखा निघालेला.

वाद्यवृंदाचे म्होरके होते एक्स-रेवाले. गिटार वाजवत. त्यांनी ड्रमसेटकडे एखादी वाईट फिल्म बघावी तसं पाहिलं आणि म्हणाले, “ताई, वाजवता तुम्ही झकास. पण इस्पितळाच्या संमेलनाला सगळे डॉक्टर येणार, आणि हे असं मांडायचं म्हणजे... राहू द्या ना. कीबोर्डातच ताल असतो. बटण दाबलं की झालं.”

बायको घरी आली आणि पिशवी आपटली.

“बटण म्हणे! अहो, ऐकताय का? माझ्या जागी बटण बसवणार आहेत.”

त्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. हे तो फक्त गंभीर प्रसंगी करी. “संमेलनाच्या आत नवा करून देतो.”

“आणि खर्च?”

“घरात आहे त्यात.”

अंदाजपत्रक एवढंच होतं. दुसऱ्या दिवसापासून दुकानातून आल्यावर तो स्वयंपाकघराच्या टेबलाचा ताबा घेऊ लागला. बोल्ट व्हिनेगरमध्ये भिजत पडले. ड्रमच्या काठांवरची लोखंडी कडी चुरगळलेल्या चांदीच्या कागदाने घासून घासून त्याने अशी उजळवली, की त्याची आई त्यांत बघून केस विंचरू लागली. जुना कागद सोलायला घरची इस्त्री कामाला आली. मग काही दिवस सगळ्यांच्या कपड्यांना सरसाचा वास येत होता, पण त्याबद्दल कोणी लेखी तक्रार केली नाही. नव्या अंगरख्यासाठी त्याच्याकडे गडद हिरवं रेक्झिन उरलेलं होतं, दाताच्या दवाखान्यातल्या बाकांचं.

“म्हणजे लोक मला बघून जबडा धरणार,” बायको म्हणाली. पण कापडावरून हात फिरवून गेली.

त्याने रेक्झिन चढवलं, आणि ते असं चढवलं की बघत राहावं. सुरकुती नाही, फुगा नाही. जोड नेमका मागच्या बाजूला. आणि कड! त्याच्या धंद्यात उघडी कड म्हणजे चारचौघांत चड्डीवर येणं. कापड काठावरून आत वळवायचं, ताणायचं आणि आतून ठोकून टाकायचं, हे त्याची बोटं डोक्याला न विचारता करत. प्रत्येक ड्रमच्या दोन्ही काठांना त्याने अशी वळवलेली गुबगुबीत शिवण दिली, वर वाजवायचे पडदे बसवले, कडी आवळली आणि बायकोला हाक मारली.

बायकोने काडी मारली. आवाज आला : ढप.

दुसरा ड्रम. ढप. मोठ्याचं पेडल पायाने दाबलं. शेजारच्या खोलीत कोणीतरी गादीवर बसल्यासारखं वाटलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “दिसतोय फार छान.”

“पण?”

“पण ही उशी आहे.”

त्याने किल्ली घेऊन बोल्ट आणखी पिळले. ढपचं ढुप झालं, एवढाच फरक. आईने पलंगावरून विचारलं, “काय रे, कोण पडलं?”

बायकोने पडदा काढला आणि काठावर बोट ठेवलं. “पडदा लाकडावर टेकायला हवा. इथे तो तुमच्या शिवणीवर लोळतोय. हे आत वळवलेलं कापून टाका. बाहेरूनही बोटभर खाली घ्या.”

“म्हणजे कड उघडी पडेल. लाकूड दिसेल.”

“दिसू दे.”

“माझ्या हातचं काम आहे हे. लोक म्हणतील, अर्धवट सोडलं.”

“लोक ड्रमला विचारणार आहेत का, तुला कोणी शिवला म्हणून?” मग ती खुर्चीत बसली. “तुमची कड सांभाळायची तर सांभाळा. तिकडे बटण तयारच आहे.”

तो बराच वेळ पातं हातात धरून उभा राहिला. आयुष्यभर कडा झाकायला शिकलेल्या माणसाला उघडं पाडायला सांगितलं, की त्याला पातं कुठून लावायचं तेच समजत नाही. शेवटी त्याने तोंड बायकोकडे न करता कापायला सुरुवात केली. हिरव्या फिती जमिनीवर पडत गेल्या. आई म्हणाली, “इतकं चांगलं केलं होतंस.” त्याने दोन खिळे तोंडात टाकले आणि पुढची फीत कापली.

पडदे पुन्हा बसले. बायकोने काडी मारली आणि कपाटातले पेले किणकिणले. तिने परत मारली, मग सगळ्यांवरून एकदा धावती फेरी घेतली, आणि हसू लागली. हसताना ताल चुकला नाही. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमीन ठोकली.

“वाजला,” तो म्हणाला.

संमेलनाच्या आधीच्या तालमीत एक्स-रेवाल्यांनी ड्रमसेटभोवती एक चक्कर मारली. “ताई, नवीन घेतला वाटतं?” वाजवणं ऐकल्यावर त्यांनी कीबोर्डवाल्याला खूण केली, ताल बंद ठेव. संमेलनाला डॉक्टर आले, टाळ्या झाल्या, बायकोला एक गाणं पुन्हा वाजवावं लागलं. घरी जाताना तिने विचारलं, “कसं झालं?”

त्याला एकही गाणं आठवत नव्हतं. तो तिसऱ्या रांगेतून कडा बघत बसला होता.