मक्कावीची दूधआई

फिद्दाची तान्ही मुलगी तापाने गेली, पण अंगावरचं दूध काही जाईना. दिवसातून दोनदा ती समुद्रावर जाऊन ते वाळूत पिळून टाकायची आणि रडत घरी यायची. नवरा ऑदा क्वारंटाइनच्या होडीवर कामाला. तो बिचारा तिच्या तोंडाकडे बघायचंच टाळायचा.

सिनाईच्या किनाऱ्यावरचं आमचं तूर गाव म्हणजे काय, मूठभर कोळ्यांची घरं, थोडी खजुराची झाडं, आणि शेजारी तारेच्या कुंपणांतलं ते अवाढव्य क्वारंटाइन. हजहून परतणारं जहाज आधी इथे थांबायचं. राज्य इंग्रजांचं, नियम परक्या वकिलातींनी बसून केलेले, आणि भोगायचं हाजींनी. कपडे वाफेच्या भट्टीत घालायचे, ते आखडून बाहेर यायचे. मक्केहून जपून आणलेलं झमझम विहिरीचं पवित्र पाणी डोळ्यांदेखत वाळूत ओतायचे. मग कुंपणात दिवस मोजत बसायचं. सगळ्यात जीवघेणा नियम हा, की कुंपणात एक जरी माणूस पटकीने पडलं, तर तिथल्या सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून. माणसं घराच्या ओढीने वेडीपिशी व्हायची.

त्या वर्षी एका जहाजातून उत्तरेकडच्या दुम्यात शहरातली मंडळी उतरली. हाज मुतवल्ली, त्याची बायको हज्जा वहीबा, आणि तिच्या हातात सुनेचं तान्हं पोर. सून मक्केत बाळंत झाली, म्हणून पोराचं नाव मक्कावी. परतीच्या वाटेवर ती बोटीवरच पटकीने गेली, तिला समुद्राच्या स्वाधीन केलं. पोराला शेळीचं दूध सोसेना. डॉक्टरने गावात निरोप धाडला, अंगावर पाजणारी बाई हवी. पण जी आत जाईल तिने कुंपण उठेपर्यंत बाहेर यायचं नाही. आपली पोरं टाकून कोण जाणार? फिद्दा उठली. ऑदा म्हणाला, “परक्याच्या पोराला जीव लावशील आणि ते त्याला घेऊन जातील. मग मला सांगू नकोस.” पण अडवलं नाही त्याने.

मक्कावी छातीला लागला आणि फिद्दाला असा पान्हा फुटला की पोराला ठसका लागला. हज्जा वहीबाने तिथल्या तिथे तिच्या कपाळाचा मुका घेतला. आता तू याची आईच, म्हणाली, तुझी मुलगी दुधाने याची बहीण, उद्या तीसुद्धा याला बायको करता यायची नाही, एवढं नातं झालं. फिद्दाने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. घरात मुलगी होती कुठे?

दिवस भरत आले, आणि एक म्हातारा हाजी पटकीने गेला. दिवस पुन्हा पहिल्यापासून. बायकांनी ऊर बडवले. फिद्दाही मान खाली घालून बसली, पण आतून तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं? पोर आणखी थोडे दिवस मांडीवर राहणार होतं. मग तिला स्वतःचीच किळस आली. कुणाचा तरी बाप मेला होता. पुढे आणखी एकजण गेला, तेव्हा एक तोंडाळ बाई सगळ्यांदेखत म्हणाली, “हिचं काय जातंय? आपले मुडदे पडतायत आणि हिचं बाळंतपण चाललंय.” फिद्दा पोराला घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

अखेर सुटकेचा दिवस उजाडला. जहाज धूर काढत उभं होतं. डॉक्टर सगळ्यांना रांगेत उभं करून शेवटचं बघायचा आणि सोडायचा. त्याच्या आधी फिद्दा वाळलेली बाळोती काढायला छपरामागे गेली, तर तिथे हाज मुतवल्ली ओकत बसलेला. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. हे डोळे तिने कुंपणात आल्यापासून दोनदा पाहिले होते. हज्जा वहीबा खरखरीत फडक्याने नवऱ्याचे गाल चोळत होती, जरा लाली यावी म्हणून.

तिने फिद्दाची बाही धरली. “पोरी, मसूर बाधलीय त्यांना. बोलू नकोस कुठे.”

“हज्जा, ही मसूर नाही.”

हज्जाने तिची बाही सोडली. “मग सांग जा. तुझ्या फायद्याचंच आहे, पोर राहील तुझ्याकडे. पण कशापायी सांगितलंस, त्याचा जाब वर तुलाच द्यायचाय.”

घाव वर्मी बसला. सांगावं, तर जे मनात होतं तेच होणार. न सांगावं, तर आजार पोराबरोबर बोटीवर चढणार. इकडे आड, तिकडे विहीर. तू खरं तेच बोललीस, असं तिला कोण म्हणणार होतं? तिचं तिलाच पटेना. लोभी ठरण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्या वेडीने ठरवलं. अगं, लोभापायी बोललं तरी खरं ते खरंच ना! पण हे आपण आज म्हणतो.

हाज मुतवल्ली रांगेत शेजारच्या दोघांच्या आधाराने ताठ उभा राहिला. डॉक्टर त्याच्यावरून पुढे गेला. फिद्दा गावचीच बाई, म्हणून त्याने तिला वेगळं विचारलं, आत कुणाला काही होतंय का?

“कुणाला काही नाही,” फिद्दा म्हणाली.

धक्क्यावर तिने मक्कावीला शेवटचं पाजलं. तो झोपला, तसा हज्जाच्या हातात दिला.

घरी ऑदा एका शब्दाने टोचून बोलला नाही. स्वतः मासे भाजून त्याने तिच्यापुढे ठेवले. ती रोज किनाऱ्यावर जाऊन उत्तरेकडे बघायची. जहाज परत यावं, असं मनात यायचं, आणि लगेच ती स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. थोड्याच दिवसांत ते जहाज साथीचं पिवळं निशाण लावून परत आलं. बोटीवर पटकी निघाली, म्हणून सुएझ बंदराने आत घेतलं नव्हतं.

फिद्दा धावत सुटली. कुंपणावरच्या पहारेकऱ्याला म्हणाली, मला आत घ्या, माझं पोर भुकेलं असेल. लाज वाटावी इतका आनंद झाला होता तिला. होडीतून माणसं उतरत होती, वल्ही ऑदाच्याच हातात होती. त्याने तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग हज्जा वहीबा उतरली. तिचे हात मोकळे होते.

तारेच्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. आधी म्हातारा गेला, मग पोर, एवढं हज्जाने सांगितलं. ओरडली नाही, रडलीही नाही.

“मी तुझे पाय धरले असते ना, तरी तू सांगायचं होतंस गं पोरी.”

पुढे फिद्दाने क्वारंटाइनमध्येच बायकांच्या विभागात नोकरी धरली आणि केस पांढरे होईपर्यंत केली. कुणाला साधी उलटी झाली तरी ती जाऊन डॉक्टरला सांगायची. हाजी तिला शिव्याशाप द्यायचे, कैदाशीण म्हणायचे, तिच्या वाटेत थुंकायचे. एका बाईच्या सासूला हिच्या सांगण्यावरून दवाखान्यात हलवलं, तेव्हा ती सून हिच्या अंगावर धावून आली. काळजाच्या जागी धोंडा आहे का गं तुझ्या, म्हणाली, पोरंबाळं तरी आहेत का तुला?

“दोन होती,” फिद्दा म्हणाली. “मुलीला तापाने नेलं. मुलाला मी.”