टेम्पोचा नंबर

मित्रहो, पेणच्या कोर्टातल्या बाकाला एक खिळा आहे. त्याने आज माझी एकमेव इस्त्रीची पँट फाडली. तीव्र निषेध!

साक्षीला गेलो होतो. जोह्याच्या रस्त्यावर गणपतीची मूर्ती नेणाऱ्या टेम्पोने माझ्यापुढे स्वतःच्या सायकलवर असलेल्या, माझ्या रोजच्या सोबत्याला, सदूला उडवले आणि टेम्पो पळाला. सदू जागीच गेला. पकडलेला टेम्पो तोच, हे सांगणारा मी एकटाच.

ड्रायव्हरच्या वकिलाने विचारले, "गुरुजी, नंबर पाहिलात?"

"नाही."

"मग काय पाहिलंत?"

"मूर्ती. धक्क्याने भंगली तर नाही ना, हे पाहत राहिलो."

बाहेर सदूची बायको म्हणाली, "गणपती तरी धड व्हता ना, गुरुजी?"

आयुष्यभर संस्कृत शिकवलेला मी फाटलेली पँट हाताने झाकत सायकलकडे वळलो.

हल्ली सायकलवर एकटाच असतो. माझ्यामुळे तो ड्रायव्हर सुटेल, याची भीती वाटते.