पाठमोरी भजी

टीपकाकू भजी तळायच्या त्या कढईकडे पाठ करून. यात फुशारकी काही नव्हती, निव्वळ सोयीचा मामला होता. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत एका भिंतीला ओटा आणि समोरच्या भिंतीला, खिडकीखाली, शिलाई मशीन. आठवडाभर कपड्यांच्या कारखान्यात लोकांच्या शर्टांना बाह्या जोडायच्या आणि रविवारी घरची शिलाई उरकायची, त्यात नवऱ्याला आणि लेकीला केळ्याची भजी हवीत. मग काकूंनी डोळे शिलाईला दिले आणि कान कढईला. सरळ टीप घालण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून कारखान्यानं त्यांना हे नाव दिलं होतं. भज्यांच्या बाबतीत कुणी नाव दिलं नाही, पण घरच्यांना ठाऊक होतं.

रीत साधी होती. केळं पिकलेलं पण घट्ट घ्यायचं, उभ्या फाका करायच्या. मैद्यात मूठभर तांदळाचं पीठ, थोडी साखर, चिमूटभर मीठ, आणि पाणी एवढंच की पीठ चमच्याला धरून राहावं. फाक तेलात पडली की मोठ्यानं चर्र होतं. केळ्यातलं पाणी उडत जातं तसा आवाज बारीक होतो. तो ठरावीक ठिकाणी आला की काकू टीप अर्धवट सोडून उठायच्या, भजी उलटायच्या आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसायच्या. आवाज जवळजवळ विझला की काढायच्या. लेक लहानपणी कढईत डोकावून बघायची, तेव्हा म्हणायच्या, "रंग बघून काय तळतेस? रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

पुढे लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली. काकू निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अजून ड्रायव्हरसाहेब म्हणत, तेही बसचं चाक सोडून घरी बसले. रविवारची भजी तेवढी चालू राहिली.

आणि मग भजी बिघडायला लागली. एकदा आत कच्ची, एकदा काळी ठिक्कर. काकूंनी खापर फोडलं केळ्यांवर. फळवाला बदलला. तेल बदललं. केळी सोडून सफरचंद आणलं, मग अननस. अननसानं असं तेल उडवलं की भिंत पुसता पुसता संध्याकाळ झाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाबद्दल त्यांनी सहज म्हटलं असतं.

खरी गोष्ट अशी, की कारखान्यातल्या मशिनींनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले होते. हे काकूंना अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. कुणी काही बोललं आणि नीट कळलं नाही तर त्या "बरं बरं" म्हणायच्या. 'बरं बरं'वर माणसाचं किती निभावतं हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं.

एका रविवारी लेक आली तेव्हा खोलीत धूर होता आणि काकू शांतपणे पडद्याला दुमड घालत बसल्या होत्या. लेकीनं धावत जाऊन गॅस बंद केला. मग आईसमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "आई, कानाच्या डॉक्टरांकडे चल, नाहीतर तळणं सोड. पुढच्या रविवारी असं झालं तर कढई मी घेऊन जाणार."

"माझे कान ठणठणीत आहेत," काकू म्हणाल्या.

लेक घाबरून बोलत होती, हे त्यांना कळत होतं. तरी लागायचं ते लागलंच. कारखाना सुटला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, पण ओट्यावरून कढई जाणार म्हटल्यावर त्यांना आपल्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटलं. आठवडाभर त्यांना धड झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ड्रायव्हरसाहेबांचा कोट इस्त्रीला घेतला तर खिशाशी तेलाचा हा मोठा डाग. हात घातला. कागदात गुंडाळलेली तीन भजी निघाली, मागच्या रविवारची, दगडासारखी.

"अहो, हे काय?"

साहेब वर्तमानपत्रामागून बाहेर आले. वाहतूक पोलिसासमोर कधी गांगरले नसतील इतके गांगरले. मग जवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "कोपऱ्यावरच्या कुत्र्याला नेतो."

"खातो तो?"

"काळी असली तर नाही खात."

काकू खाली बसल्या. "मला सांगायचंत ना."

"सांगितलं की गं. कितीदा सांगितलं. तू बरं बरं म्हणालीस."

पण काकू हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पीठ भिजवलं, केळी चिरली, तेल तापवलं आणि भिंतीकडे तोंड करून मशीनवर बसल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल तेव्हा एक फाक टाका. बोलायचं नाही. पडली की मी सांगते."

मग त्या ऐकू लागल्या. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल पुसत होतं. त्यांनी श्वास रोखून धरला. हातांना चाळा हवा म्हणून समोरची चिंधी सरळ केली. नवरा एवढा वेळ काय करतोय, याचा त्यांना राग यायला लागला.

"अहो, टाका की. तेल जळून जाईल."

त्यांनी मागे वळून पाहिलं. कढईत चार भजी तडतडत होती, एका अंगानं लाल झालेली. साहेब हातात झारा धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

काकू उठल्या. मग त्यांनी मशीनपुढचं स्टूल उचललं आणि ओट्याजवळ आणून ठेवलं, कढईकडे तोंड करून. झारा मागून घेतला.

"तुम्ही जन्मभर इंजिनाचे आवाज ऐकलेत ना? मग हा ऐका. चर्र बारीक झालं की हात वर करा."

पुढची भजी पडली. त्या निरखून पाहत राहिल्या. पीठ कसं फुगतं, कडेला बुडबुडे कसे धरतात, ते उभ्या आयुष्यात त्यांनी प्रथमच पाहिलं. साहेबांनी बस थांबवताना करायचे तसा हात वर केला. काकूंनी भजी उलटली.

लेक आली तेव्हा थाळीत सोनेरी भजी होती. तिनं एक खाल्लं, दुसरं घेतलं, कढईचं नाव काढलं नाही.

"मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय," काकू स्वतःहून म्हणाल्या. "तू ये सोबत. यांना काही विचारलं तर हे कुत्र्याला सांगतील."

सोमवारी ड्रायव्हरसाहेब फिरायला निघाले आणि सवयीनं हात कोटाच्या खिशात घालायला गेले. हात आत जाईना. दोन्ही खिसे वरून शिवून टाकलेले होते, दुहेरी टीप घालून, अगदी सरळ.